पुन्हा तापवताना

मराठी घरातला मायक्रोवेव्ह स्वयंपाक फारसा करत नाही. खोक्यावर केकचे आणि भाजलेल्या कोंबडीचे चित्र असते, सोबत पाककृतींची पुस्तिका येते, पहिल्या महिन्यात हौसेने ढोकळा आणि कपातला केक होतो. पण वर्ष उलटेपर्यंत त्याच्याकडे एकच काम उरते, ते म्हणजे सकाळी केलेले रात्री आणि रात्री उरलेले सकाळी गरम करणे. फार तर मधूनमधून पापड आणि शेंगदाणे भाजले जातात, कपभर दूध तापते. आमच्या घरातही याहून वेगळे काही घडत नव्हते. त्यामुळे राहती जागा बदलली आणि नव्या स्वयंपाकघराच्या आखूड ओट्यावर त्याला जागा द्यायची की मिक्सरला आणि पिण्याच्या पाण्याच्या पिंपाला, असा विचार सुरू झाला, तेव्हा त्याच्यावाचून स्वयंपाक कसा होईल ही चिंता कुणालाच नव्हती. स्वयंपाक गॅसवरच होत आला होता. अडत होते ते दुसरीकडे: केलेले अन्न पुन्हा गरम कसे करायचे, आणि घरातला प्रत्येक जण वेगळ्या वेळी जेवायला येत असताना ते करायचे कुणी.

यातल्या पहिल्या प्रश्नाने मला माझाच स्वयंपाक नव्याने पाहायला लावला. दुसरा प्रश्न त्याहून अवघड आहे, आणि त्याच्याकडे मी पुढे येणार आहे.

मायक्रोवेव्ह वापरत नाही असे सांगितले की समोरचा माणूस बहुधा किरणांच्या धोक्याविषयी बोलू लागतो. माझे कारण ते नव्हे, आणि ती भीती पसरवायला माझा हातभार लागू नये असे मला मनापासून वाटते. या यंत्रातल्या लहरी साधारण २.४५ गिगाहर्ट्झच्या असतात, म्हणजे रेडिओ आणि वाय-फाय ज्या कुळातले त्याच कुळातल्या. क्ष-किरणांसारखी रेणू फोडण्याची ताकद त्यांच्यात नसते, अन्न त्यांच्यामुळे किरणोत्सारी होत नाही, आणि दार व त्यावरची धातूची जाळी शाबूत असेल तर त्या बाहेर पडण्याचे प्रमाण नगण्य असते. जीवनसत्त्वांचे म्हणाल, तर भाजी भरपूर पाण्यात उकळून ते पाणी ओतून देण्यापेक्षा थोड्या पाण्यात आणि थोड्या वेळात मायक्रोवेव्हमध्ये शिजवलेल्या भाजीत क जीवनसत्त्व अधिक टिकते. एका माणसाचे वाटीभर अन्न गरम करायचे असेल तर ऊर्जाही कमी लागते. हे सगळे मान्य करूनच पुढचे लिहिते आहे.

हे यंत्र ज्या नळीवर चालते ती मॅग्नेट्रॉन नावाची नळी दुसऱ्या महायुद्धात रडारसाठी बनत होती. अमेरिकेतल्या रेथिऑन कंपनीत पर्सी स्पेन्सर हे अभियंते तिच्याजवळ काम करत असताना त्यांच्या खिशातले चॉकलेट वितळले आणि त्यांना या लहरींचा स्वयंपाकासाठी उपयोग सुचला. १९४५ मध्ये त्यांनी पेटंटसाठी अर्ज केला. १९४७ मध्ये आलेले पहिले यंत्र माणसाएवढे उंच आणि ३०० किलोंहून जड होते. घरातल्या ओट्यावर मावेल असे यंत्र अमाना कंपनीने आणले ते १९६७ मध्ये. आपल्या मध्यमवर्गीय घरांत ते पोचायला त्यानंतरही पुष्कळ वर्षे लागली.

त्याची काम करण्याची रीत समजून घेतली की ते कुठे कमी पडते हेही समजते. या लहरी मुख्यतः अन्नातल्या पाण्याच्या रेणूंना हलवतात आणि त्या हालचालीतून उष्णता निर्माण होते. अन्न आतून बाहेर शिजते असा समज आहे तो खरा नाही. लहरी पृष्ठभागापासून दोन-तीन सेंटिमीटर आत शिरतात आणि त्यापुढे उष्णता नेहमीसारखी हळूहळू सरकते. या लहरींची लांबी सुमारे १२ सेंटिमीटर असल्यामुळे आतल्या पोकळीत काही जागा फार तापतात आणि काही थंड राहतात, म्हणून तर आतली काचेची थाळी फिरत असते. त्यातच बर्फ या लहरी फार कमी शोषून घेतो. फ्रीझरमधून काढलेला मटारचा गोळा कडेने शिजतो आणि मधोमध दगडच राहतो तो याच कारणाने. अन्नात पाणी आहे तोवर ते १०० अंशांच्या फारसे वर जात नाही, म्हणजे ओल्या पदार्थाला खरपूस रंग येत नाही. आणि पाणीच तापत असल्यामुळे ते वाफ होऊन निघूनही जाते. मायक्रोवेव्हमधून काढलेली पोळी ताटात येईपर्यंत मऊ असते आणि दुसऱ्या घासाला चामड्यासारखी होते, कारण तिच्यातले पाणी तोवर गेलेले असते.

या यंत्राने एक मोठी गोष्ट केली, ती म्हणजे सगळ्या पदार्थांना एकाच रीतीने तापवायची सोय. भात असो, कढी असो, भेंडीची भाजी असो, तोच एक मिनिट आणि तेच बटण. ते नसल्यावर प्रत्येक पदार्थासमोर थांबून विचार करावा लागतो की याला वाफ हवी, तवा हवा, की नुसती मंद आच. मला या कामातली खरी गोडी तिथेच सापडली, म्हणून त्याविषयी जरा सविस्तर लिहिते.

सुरुवात भातापासून करायला हवी, कारण उरतो तो बहुधा भातच. फ्रीजमधला भात टणक झालेला असतो. शिजताना पाणी पिऊन फुगलेले त्यातले पिष्ट थंड होताना पुन्हा घट्ट बांधले जाते. उष्णता आणि ओलावा एकदम मिळाला की ते परत सैल होते. दोन्ही एकदम देणारी वस्तू म्हणजे वाफ. कुकरच्या तळाशी दोन बोटे पाणी घालून मी त्याला उकळी आणते, जाळीवर भाताचे भांडे ठेवते, भात त्याआधी बोटांनी हलकेच मोकळा करून त्यावर पाण्याचा एक हबका मारते, आणि शिट्टी न लावता झाकण ठेवते. भांड्यावर ताटली ठेवायची नाही, कारण वाफ शितांपर्यंत पोचली पाहिजे. पाच-सात मिनिटांत भात असा ऊन आणि मोकळा होतो की तो आत्ताच उतरवला आहे असे वाटावे. याचे कारण पाहण्यासारखे आहे. एक ग्रॅम उकळते पाणी ४० अंशांपर्यंत निवताना ६० कॅलरी उष्णता देते. पण एक ग्रॅम वाफ थंड शितावर बसून तिचे पाणी होताना, नुसत्या त्या बदलातच, सुमारे ५४० कॅलरी देऊन जाते. शिवाय जिथे शीत थंड, तिथेच वाफ आधी बसते, म्हणजे उष्णता आपोआप जिथे कमी तिथे पोचते. आपल्या आयाआज्या 'एक दणदणीत वाफ येऊ दे' म्हणत, तेव्हा त्या इतक्या नेमक्या साधनाविषयी बोलत होत्या.

भाताच्या बाबतीत एक सावधगिरी मात्र कोणत्याही रीतीने तापवला तरी पाळावी लागते. तांदळात बॅसिलस सेरेअस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असू शकतात आणि ते शिजवूनही मरत नाहीत. भात ओट्यावर तासन्‌तास राहिला की ते वाढतात आणि विष तयार करतात. त्यातला एक प्रकार पुन्हा तापवूनही नाहीसा होत नाही. म्हणून उरणारा भात जेवणे उरकल्यावर लगेच पसरट भांड्यात काढून निववायचा आणि फ्रीजमध्ये ठेवायचा. फोडणीच्या भातासाठी रात्रभर ओट्यावर भात ठेवण्याची पूर्वीची पद्धत मी सोडून दिली आहे.

पोळीचे गणित भाताच्या उलट आहे. तिला वाफेत ठेवले तर ती ओली होते आणि मंद तव्यावर ठेवली तर वाळते. तवा चांगला कडकडीत तापवायचा, पोळी टाकायची, काही क्षणांत उलटायची आणि लगेच फडक्यात गुंडाळून डब्यात बंद करायची. आच तीव्र आणि वेळ थोडा असल्यामुळे पृष्ठभाग तापतो, आतल्या ओलाव्याची वाफ होते, आणि ती फडक्यात अडकून पोळी पुन्हा मऊ करते. पुरणपोळीला मात्र घाई चालत नाही. तिचे पोट जाड असते, तेव्हा मध्यम आच, बाजूने तूप, आणि कड सुटेपर्यंत धीर. थालीपीठ झाकण न ठेवता तापवावे, नाहीतर त्याचा कुरकुरीतपणा हरवतो.

सुक्या भाजीला लोखंडी कढईसारखे दुसरे काही नाही. बटाट्याच्या काचऱ्या, भेंडी, कारली, कोबी यांना पाण्याचा थेंबही न दाखवता कढईत पसरून ठेवले आणि उगाच ढवळले नाही, तर त्यांना दुसऱ्यांदा खमंगपणा येतो, आणि काही भाज्या पहिल्यापेक्षा दुसऱ्या वेळी अधिक चांगल्या लागतात असे माझे मत झाले आहे. तुरीच्या डाळीची आमटी थंड होताना घट्ट होते, म्हणून तिला पाणी हवे असते, पण ते कढत हवे. गार पाणी ओतले की आमटी पाणचट लागते आणि चव जुळायला वेळ लागतो. तळापासून ढवळत एक चांगली उकळी आणायची, मीठ पुन्हा चाखायचे, आणि वेळ असेल तर वरून जिरे-हिंगाची नाहीतर लसणाची छोटी फोडणी द्यायची. कढीला उकळी येऊ देऊन चालतच नाही. बेसनाने तिला कितीही सांभाळले तरी आच जास्त झाली की ताक फुटते, तेव्हा तिच्यापाशी उभे राहून सतत ढवळत, वाफा दिसू लागताच उतरवायचे. साबुदाण्याची खिचडी दगड होते ती भातासारख्याच कारणाने. थोडे तूप, दुधाचा हबका, झाकण आणि अगदी मंद आच दिली तर दाणे पुन्हा लुसलुशीत होतात.

माशाचे कालवण हा तर वेगळाच विषय आहे. कोकणातल्या कुणालाही विचारा, आमसुले घातलेले आदल्या दिवशीचे कालवण ताज्यापेक्षा मुरलेले लागते. ते तापवताना पळी घालायची नसते. पसरट टोपात, मंद आचेवर, फडक्याने दोन्ही कडा धरून टोप हलकेच गोल फिरवायचा, म्हणजे रस फिरतो आणि तुकडी जागची हलत नाही. मायक्रोवेव्हमध्ये माशाचे तुकडे आत साठलेल्या वाफेने फट्ट आवाज करून फुटतात, आणि मग त्या यंत्राला आठवडाभर कालवणाचा वास येत राहतो.

भाजी शिजवताना झाकणावर पाणी ठेवायची आपली पद्धत मला या काळात नव्याने आवडू लागली. खोलगट ताटलीत पाणी घालून ती कढईवर ठेवायची. वरच्या पाण्यामुळे ताटली गार राहते, भाजीतून निघालेली वाफ तिच्या तळाला लागून तिचे थेंब होतात आणि ते परत भाजीत पडतात; भाजी आपल्याच रसात शिजते आणि तळाला लागत नाही. लागलेच पाणी, तर ताटलीतले आयते तापलेले असते. गवार, वाल, तोंडली यांच्यासाठी याहून चांगली रीत मला माहीत नाही, आणि राहिलेली भाजी झाकून तापवतानाही ती तितकीच उपयोगी पडते.

भाजण्याच्या बाबतीत मला काही काळ वाटत होते की शेंगदाण्यांसाठी तरी यंत्र हवे होते. आठवड्याचे कूट करायचे तर पाव किलो दाणे भाजावे लागतात आणि त्यांच्यापाशी पंधरा-वीस मिनिटे उभे राहावे लागते. पण ती पंधरा-वीस मिनिटे वाया गेली असे मी आता म्हणणार नाही. लोखंडी कढई मंद आचेवर, दाणे एका थरात, हातात उलथने. पहिली काही मिनिटे काहीच घडत नाही, फक्त कच्चा, हिरवट वास उठतो आणि जातो. मग एखादा दाणा तडकतो. सालीचा गुलाबी रंग आधी फिका होतो, नंतर तिच्यावर तपकिरी ठिपके येतात, आणि तडतड वाढत जाऊन पुन्हा कमी होऊ लागते. एक दाणा उचलून बोटांत चोळला की साल सुटते. आतली डाळिंबी पांढरी असेल तर अजून वेळ आहे, फिकट बदामी असेल तर त्याच क्षणी उतरवायचे, कारण तापलेल्या कढईत आणि स्वतःच्या उष्णतेनेही दाणे पुढे भाजत राहतात. परातीत पसरून निवले की चोळायचे आणि सुपात पाखडायचे. मायक्रोवेव्हमध्ये दाणा बाहेरून कोवळा दिसतो आणि फोडला तर मधोमध करपलेला निघतो, कारण तिथे डोळ्यांना आणि नाकाला काही कळण्याआधीच आतला भाग तापून गेलेला असतो.

तो बदामी रंग आणि तो वास ज्या क्रियेतून येतो तिला लुई-कामिल मेलार या फ्रेंच शास्त्रज्ञाचे नाव आहे. १९१२ मध्ये त्यांनी तिचे वर्णन केले. प्रथिनांतली अमिनो आम्ले आणि शर्करा उष्णतेने एकत्र येतात आणि त्यातून शेकडो नवे गंध आणि चवी जन्मतात. साधारण १४० अंशांच्या पुढे ही क्रिया वेगाने होते. आपल्या स्वयंपाकातले जे जे खमंग आहे ते बहुतेक सगळे तिथले आहे: लाडवासाठी तुपात भाजलेले बेसन, शिऱ्याचा रवा, थालीपिठाच्या भाजणीतली एकेक डाळ, वाटणासाठी तांबूस केलेला कांदा आणि सुके खोबरे. भाजणीचे धान्य वेगवेगळे भाजायचे, कारण प्रत्येकाचा दाणा वेगळा आणि पाण्याचा अंश वेगळा, हा नियम ज्यांनी घालून दिला त्यांनी रसायनशास्त्र वाचले नसेल, पण पाहिलेले होते हे नक्की.

अन्न तापते ठेवण्याची गरज काही नवी नाही. जुन्या घरांत चुलीला जोडून वैल असे, आणि चुलीतली उरलेली धग तिच्यावाटे दुसऱ्या भांड्याला मिळे. आमटी चुलीवरून उतरली की वैलावर सरकायची आणि शेवटचा माणूस जेवेपर्यंत ऊन राहायची. त्यासाठी निराळे लाकूड लागत नसे. चूल परत यावी असे मी म्हणत नाही. तिच्या धुराने कितीतरी बायकांचे डोळे आणि छाती खराब केली, आणि गॅस आला हे फार चांगले झाले. पण उरलेल्या उष्णतेचा विचार गॅसवरही करता येतो. कुकर उतरल्यावर त्याच्या झाकणावर तुपाची वाटी ठेवली तर तूप पातळ होते. पोळ्या झाल्यावर तापलेल्या तव्यावर उरलेल्या भाजीचे भांडे झाकून ठेवले तर जेवायला बसेपर्यंत ती कोमट तरी राहते.

निखाऱ्यांवरच्या स्वयंपाकात तर भट्टीचे सगळे ज्ञान होते. कोकणातले जून काकडीचे धोंडस घ्या: तांदळाचा रवा, गूळ आणि किसलेली काकडी जाड पातेल्यात घालून खाली निखारे आणि झाकणावरही निखारे, म्हणजे दोन्हीकडून सारखी आच. गोव्यातले बेबिंकही पूर्वापार असेच, वरून निखाऱ्यांची धग देत, एकेक थर भाजत केले जाते. रायगड जिल्ह्यात थंडीत पोपटी लावतात, तिच्यात तर पाणीसुद्धा नसते. मडक्यात तळाशी भांबुर्ड्याचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, जाडे मीठ, ओवा, कुणी बटाटे आणि अंडी घालतात, कुणी मसाला लावलेली कोंबडी. तोंड पुन्हा पाल्याने घट्ट बंद करून मडके उपडे ठेवायचे आणि भोवती जाळ करायचा. शेंगा आपल्याच ओलाव्याच्या वाफेवर शिजतात आणि पाल्याचा वास त्यांच्यात उतरतो. गॅसवर पोपटी होत नाही हे मान्य केलेले बरे. धोंडस मात्र होते: जाड बुडाचे पातेले तव्यावर ठेवून मंद आचेवर झाकून भाजायचे, आणि वरून रंग येत नाही म्हणून अर्धे झाल्यावर ताटलीत काढून उलटे करून परत सोडायचे.

आणि जे पदार्थ तापवायचेच नसतात त्यांची आठवण तर आपल्याला मायक्रोवेव्हने जवळजवळ विसरायला लावली होती. सगळे अन्न ऊन-ऊनच खायचे हा हट्ट तसा अलीकडचा असावा. आपल्याकडे शिदोरीचा एक संपूर्ण स्वयंपाक होता. कणीक पाण्याऐवजी दुधात भिजवून केलेल्या दशम्या प्रवासात मऊ राहतात. तीळ घातलेले ज्वारीच्या पिठाचे धपाटे दह्याबरोबर गारच चांगले लागतात. गुळाची पोळी संक्रांतीनंतर कितीतरी दिवस टिकते आणि तिच्यावर तुपाचा गोळा हवा असतो, आच नको असते. शिळी भाकरी कुस्करून त्यावर ताक, मीठ आणि ठेचलेली मिरची, दडपे पोहे, दहीभात, कोशिंबिरी, हे सारे त्याच पंगतीतले. मुंबईत १८९० च्या सुमारास सुरू झालेली डबेवाल्यांची व्यवस्था ज्या जेवणावर उभी राहिली ते जेवण मुळात दोन-तीन तासांनी, गाडीचा प्रवास करून, डब्यातच निवल्यावर खाण्यासाठी केलेले असे. भाजी कोरडी, पोळी पदर सुटलेली, मसाला जरा चढा. कचेऱ्यांमध्ये मायक्रोवेव्ह आले तशी त्याच्यासमोर डब्यांची रांग लागू लागली, आणि डब्यात काय द्यावे हा विचार मागे पडला. मी आता उशिरा येणाऱ्यासाठी मुद्दाम असेच काहीतरी करून ठेवते, म्हणजे तापवायला एकच पदार्थ उरतो.

आता दुसरा प्रश्न. माझी पिढी ज्या घरांत वाढली तिथे गरम जेवण म्हणजे कुणीतरी तव्यापाशी उभे असणे, आणि ते कुणीतरी बाईच असे. पुरुष आणि मुले जेवून उठेपर्यंत एकेक पोळी तव्यावरून थेट ताटात जायची, आणि करणारी शेवटी उरलेले, निवलेले खायची. उशिरा येणाऱ्यासाठी जागे राहायचे, त्याची आमटी पुन्हा चढवायची, हेही तिच्याकडेच. मायक्रोवेव्ह घरात आला आणि या कामातून बायका बऱ्याच अंशी सुटल्या, कारण बटण दाबायला कुणालाही येते. ते यंत्र काढून टाकायचे आणि चव सुधारली म्हणून आनंद मानायचा, पण रात्री दहाला ओट्यापाशी पुन्हा तीच बाई उभी, असे होणार असेल तर यंत्र ठेवलेले शतपटींनी बरे. हा माझ्या दृष्टीने या सगळ्यातला कळीचा मुद्दा आहे, आणि घरगुती स्वयंपाकाची थोरवी गाणारे बरेचसे लिखाण इथेच गप्प बसते.

म्हणून आमच्याकडे ठरले ते असे की उशिरा येईल त्याने आपले अन्न आपणच तापवायचे, आणि तापवायला वापरलेली भांडी आपणच घासायची. हे दुसरे कलम मला फार महत्त्वाचे वाटते. मायक्रोवेव्हमध्ये एका वाटीत तापते आणि त्याच वाटीत खाल्ले जाते; गॅसवर मात्र कढई, पळी, ताटली असा पसारा वाढतो. आमच्याकडे भांड्यांना मावशी येतात. आपण चवीसाठी केलेल्या निवडीचे ओझे त्यांच्या हातांवर टाकणे मला पटले नसते, कारण त्यांना त्याच पगारात जास्त भांडी घासावी लागली असती.

मुलगा सुरुवातीला तक्रार करत होता, आणि ती रास्तही होती, कारण भुकेल्या माणसाला पाच मिनिटेही जड जातात. पण त्याने शिकून घेतले. 'आई, आमटी फार घट्ट आहे, किती पाणी घालू?' असे तो विचारायचा, आणि मी माप सांगण्याऐवजी पळीतून आमटी कशी पडायला हवी ते सांगायचे. आता तो विचारत नाही. सुकी भाजी तर तो माझ्यापेक्षा अधिक खरपूस तापवतो, थोडी करपवण्याकडे झुकून, आणि त्याला ती तशीच आवडते. माझ्या नवऱ्याने भाताची वाफ इतकी आत्मसात केली आहे की इडल्या, ढोकळा, उरलेले उकडीचे मोदक हे सगळे त्याच्याच हाती असते. मोदकांखाली हळदीचे पान ठेवायचे हे त्याला सुचले, मला नव्हे. एक आणखी परिणाम असा झाला की आम्ही अंदाजाने कमी करू लागलो. तापवणे सोपे होते तोवर जास्तीचे करून ठेवण्यात काही अडचण नव्हती. आता प्रत्येक जण स्वतः तापवतो, तेव्हा उद्यासाठी किती ठेवायचे याविषयी प्रत्येकाला काही म्हणणे असते. जमेल तेव्हा दोघे-तिघे एकाच वेळी जेवायला बसावे असाही कल वाढला आहे, कारण एकदा आच पेटवली की दोन माणसांचे तापवायला एकाहून फार जास्त वेळ लागत नाही.

तरीही कुणालाही सरसकट मायक्रोवेव्ह काढून टाका असे मी सांगणार नाही. वसतिगृहात राहणारी मुले, बाळंतीण, पाळ्यांमध्ये काम करणारी माणसे, आणि विशेषतः एकटे राहणारे वृद्ध यांच्यासाठी तो फार मोलाचा आहे. माझी आई एकटी राहते. तिच्या बोटांची पेरे सुजलेली असतात, कढईचे वजन तिला पेलत नाही, आणि गॅस पेटता राहून गेला तर, ही धास्ती आम्हा सगळ्यांना असते. तिच्या मायक्रोवेव्हच्या तिला लागणाऱ्या एका बटणावर मी लाल नेलपॉलिशचा ठळक ठिपका लावून दिला आहे, म्हणजे चष्म्यावाचूनही तिला ते सापडते. भात त्यात ठेवताना ती शिते मोकळी करते, पाण्याचा हबका मारते, वर बशी पालथी घालते, आणि घंटी वाजल्यावर लगेच दार न उघडता दोन मिनिटे तो तसाच राहू देते, वाफ जिरायला. हे तिला कुणी सांगितलेले नाही. पोळी मात्र ती त्यात ठेवत नाही. शिळी असली की तुकडे करून दुधात घालते आणि वर थोडी साखर भुरभुरते.